साहेब भेटायला आले

पक्षाचे झेंडे लावता लावता प्लंबरचं अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा कुठे यंदा त्याला नगरपालिकेचं तिकीट मिळालं. उमेदवार झाल्यावरही साहेबांचा फ्लेक्स बांधायला तो स्वतःच शिडीवर चढला आणि तोल जाऊन डोक्यावर आपटला. काल डॉक्टरांनी हात टेकले होते, नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणाले होते. आज सकाळी मात्र त्याने डोळे उघडले, बायकोला ओळखलं, पाणी मागितलं.

दुपारी खुद्द साहेब, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष, विमानाने येऊन त्याच्या खाटेशी उभे राहिले. प्लंबर उठायची धडपड करू लागला.

"अहो, पडून राहा," साहेबांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून पक्ष आहे."

प्लंबर लहान मुलासारखा रडला. फोटो निघाले.

"एवढ्याशा माणसासाठी साहेब धावत आले हो!" बायको नर्सला सांगत सुटली आणि पाया पडायला म्हणून साहेबांच्या मागोमाग बाहेर आली.

बाहेर डॉक्टर हसतमुखाने सांगत होते, "जिवावरचं संकट टळलं, साहेब. आठवड्याभरात घरी जातील."

साहेबांनी डॉक्टरांचे आभार मानले. मग जिल्हाध्यक्षाकडे वळून, प्लंबरची बायको हात जोडून समोर उभी असतानाच, त्यांनी विचारलं,



"वाचणार होता, तर मला कशाला बोलावलंत?"