दोरीच्या बाहेर

हेडमास्तरांनी रुक्मीला दंडाला धरून चुन्याच्या रेषेवरून उठवलं आणि दोरीच्या बाहेर आणून सोडलं.

"शर्यत मुलांची आहे. मुलींसाठी दुपारी रांगोळी ठेवलीय."

रुक्मी अकरा वर्षांची. परकर खोचून सकाळपासून तयार होती. तिची आई मालुबाई दोरीला खेटूनच उभी होती. तिने आधी मुलीचा दंड पाहिला. चार बोटं उमटली होती. मग तिने मांडवाकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर, गळ्यात हार घालून तिचा थोरला भाऊ बसला होता. यमनाप्पा. सगळ्या इलाख्यात सर्वांत वेगाने धावणारा गडी, बोटीने जाऊन ऑलिंपिकात धावून आलेला. आजचा प्रमुख पाहुणा.

"अण्णा, तू तरी सांग की ह्यास्नी."

यमनाप्पा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

काय बघायचं होतं बुटांत? शहापूरच्या विणकर गल्लीत दोघं अनवाणीच धावली होती. गल्लीभर साठ हात लांब, उभ्या सुताचा ताणा पसरायचा, सुताला खळ लावायची, आणि ती वाळायच्या आत दोन बाजूंनी दोघांनी कुंचा फिरवत पळायचं. जरा उशीर झाला की सूत चिकटलं, दिवस वाया. एका बाजूला यमनाप्पा, दुसऱ्या बाजूला मालू. दहा वर्षं, रोज सकाळी. रोज मालू आधी टोकाला पोचायची आणि वळून त्याची वाट बघत उभी राहायची. "ये की रं अण्णा, खळ वाळली!" म्हणून हसायची.

एकदा शाळेचे एक मास्तर गल्लीतून जाताना थबकले. धावताना त्यांना दोघं दिसली होती. मैदानावर नेलं एकाला. मालूचं पुढच्या साली लग्न झालं.

हेडमास्तरांचं भाषण सुरू झालं. मुंबईचे कप झाले, बोटीचा प्रवास झाला, साहेबाने हात कसा मिळवला तेही झालं. "असा वेग रक्तातच असावा लागतो!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

रक्तातच! आणि तेच रक्त धरून दोरीबाहेर काढलं होतं.

मालुबाईने मैदानाच्या कडेचा रस्ता न्याहाळला. दोरीला लागून, शेवटच्या फितीपर्यंत सरळ. मध्ये एक दगड होता. तो जाऊन उचलला. बैलगाडी येत नाही ना, दोन्हीकडे बघितलं. मग मुलीचा परकर पुन्हा घट्ट खोचला.

"हितनं पळ. रस्ता काय ह्येंच्या बाचा न्हाय."

शिट्टी झाली. दोरीच्या आत आठ मुलं, बाहेर एकटी रुक्मी. निकाल द्यायला यमनाप्पा फितीपाशी उभा होता. त्याची मान आतल्या मुलांकडे वळलीच नाही. रुक्मी फितीच्या टोकाला पोचली, थांबली, आणि वळून मुलांची वाट बघत उभी राहिली.

यमनाप्पाचा चेहरा उतरला.

हेडमास्तरांनी मुलांमध्ये आधी पोचलेल्या एका थोराड मुलाला पुढे ढकललं आणि पाहुण्यांच्या हातात कप दिला. "करा जाहीर! पहिला कोण?"

यमनाप्पाने कप घेतला आणि दोरीपलीकडे पाहिलं. लोक कुजबुजू लागले. मालुबाई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती खाली बसून मुलीच्या तळव्यातला काटा काढत होती.

"दोरीच्या आतला म्हणता?" यमनाप्पाने विचारलं. "मग ह्यो पयला."

त्याने कप मुलाला दिला. गळ्यातला हार काढून हेडमास्तरांच्या हातात ठेवला, आणि दोरीपलीकडे बसलेल्या बहिणीकडे बघत म्हणाला, "मीबी आतलाच पयला हुतो, मास्तर."