जड बाण

पीठ मोजायच्या काट्यावर पिरोश्कानं आधी एक बाण ठेवला, मग दुसरा. दुसरा जवळजवळ दीडपट भरला.

"हाच घे," ती म्हणाली.

लोरांत खिडकीशी बसून खांदा चोळत होता. ऑपरेशननंतर जुनं धनुष्य त्याला ओढवेना. आता ओढायला हलकं असं नवं आणलं होतं. "त्यातून हा जाडजूड? पंधरा पावलांपुढे माती खाईल. तो हलका तीस पावलं सरळ जातो."

"जातो. पण बरगडीला अडकतो. आणि जनावर रात्रभर झाडीत तडफडतं."

लोरांतनं नव्या, हलक्या धनुष्याकडे पाहिलं. नवऱ्याला लागेल असं आपण बोललो, हे तिला कळलं.

"पंधरा पावलांवर जायचं कसं?" तो हळूच म्हणाला. "माझे गुडघे वाजतात. डुकरं ऐकतील."

"माझेही वाजतात. त्यांना वाटेल, काटक्या मोडत आपलेच पाहुणे आले."

त्याला हसू फुटलं. त्यानं जड बाण उचलला.

ऊन उतरताना दोघं ओकच्या रानात वाऱ्याच्या उलट दिशेला एका उन्मळलेल्या बुंध्याआड बसली. थोड्या वेळानं एक रानडुक्कर ओकची फळं हुंगत आलं. तीस पावलं. लोरांतची बोटं दोरीवर वळली आणि सैल पडली. डुक्कर रेंगाळलं, पाठ फिरवून उभं राहिलं. पिरोश्कानं श्वास रोखला. मग ते वळलं आणि माती उकरत सरळ त्यांच्याच बाजूला येऊ लागलं.

ते बारा पावलांवर आडवं उभं राहिलं, तेव्हा लोरांतनं दात आवळून दोरी ओढली.

बाण आरपार गेला. डुक्कर चार उड्या मारून त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळलं. हाललं नाही.

लोरांतनं टोपी काढली. पिरोश्कानं ओकच्या दोन डहाळ्या मोडल्या. एक तिनं जनावराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी टोपीत खोचायला त्याच्यापुढे धरली. रीतच होती तशी.

त्यानं ती घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीत खोवली. खांदा दुखत होता, तरी दोन्ही हातांनी.

"अरे, अर्धी तर जखमी जनावराचा माग काढणाऱ्या कुत्र्याला देतात!" ती म्हणाली.

"माग काढावाच लागला नाही," लोरांत म्हणाला, आणि रुमालाची गाठ नीट करत राहिला.