टेबलाखालची बादली

आठवडा मोकळा मिळावा म्हणून सोलमधली हानबी खाण्याचे सगळे व्हिडिओ रविवारीच उरकायची. एवढं पोटात मावणार कसं? कॅमेरा थांबला की घास टेबलाखालच्या बादलीत थुंकायची. त्या रविवारी पाचव्या व्हिडिओला बेल वाजली. दारात आई, हातात सूपाचं भांडं: हानबीचा वाढदिवस, आणि तिकडे त्या दिवशी समुद्री शेवाळाचं सूप करतात. "भूक लागली असेल ना गं?" "आई, बाहेर जाऊन परत ये ना. कॅमेऱ्यात आलं नाही." आई पुन्हा आली. "जरा हस की." आई तिसऱ्यांदा आली, हसली. हानबीने सूप तोंडात घेतलं, डोळे मिटून मान डोलावली, कॅमेरा बंद केला आणि सवयीने वाकून थुंकली. आई बादलीकडे बघत राहिली. भांडं उचलून बाहेर गेली. दार लागलं. हानबीने कान दिला. जिन्यात उतरणारी पावलं वाजेनात. बेल वाजली. "भूक लागली असेल ना गं?" "थांब," म्हणत हानबीने आधी टेबलाखालची बादली दाराबाहेर ठेवली.