हिरवी तोटी

संयोगितानं अंगणात घोंगडं अंथरलं आणि धुतलेली हत्यारं एकेक करून त्यावर मांडायला घेतली. विळा, दोन खुरपी, कुऱ्हाड, पहार. आज खंडेनवमी. हंबीरराव सोप्यातल्या खुर्चीवर बसून सुनेकडे बघत होते. दरवर्षी हे काम ते आणि त्यांचा मुलगा धैर्यशील मिळून करत. यंदा धैर्यशील कोल्हापूरला दवाखान्यात होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. उद्या, दसऱ्याला, त्याला घरी सोडणार होते.

सुनेनं दिलेला कढत चहा हंबीरराव एका घोटात प्याले. चटका बसला नाही. गेले अठरा दिवस असंच चाललं होतं. ऊन लागत नव्हतं, भूक कळत नव्हती, आणि कुणी हाक मारली तर ती गल्लीच्या पार टोकाहून आल्यासारखी वाटत होती.

"काका, त्यो पेट्रोलचा कॅन कुठं ठेवलाय?" सयाजीनं दुसऱ्यांदा विचारलं. सयाजी त्यांचा पुतण्या. मोटरसायकल चालू ठेवूनच दारात उभा होता.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपटतो की."

कॅन गोठ्यामागं पडला होता. लाल प्लॅस्टिक एका अंगानं मेणासारखं ओघळलेलं, तोंड वितळून वेडंवाकडं झालेलं. सयाजी स्वतःच तो शोधून, हातात धरून अंगणात आला.

"आठ दिवसांत तोटी तुटती म्हंजे काय माल विकत्यात का चेष्टा करत्यात? आपला जुना पत्र्याचा डबा बरा हुता. ह्या नव्याचं सोंग बघा. आधी दाबा, मग पिळा, मग यंत्राच्या तोंडाला टेकवून ढकला, तवा कुठं थेंब थेंब सोडणार. नव्या नवरीगत रुसवा. आन् ऐन येळंला गळून पडली."

त्या दिवशी धैर्यशील गवत कापायच्या यंत्रात पेट्रोल घालत होता. यंत्र चालून चालून तापलं होतं. कॅनला तोटी नव्हती, तोंडात नुसता फडक्याचा बोळा होता. बोळा काढून कॅन कलंडवला, तसा पेट्रोलचा लोट एकदम बाहेर आला आणि तापल्या सायलेन्सरवर सांडून भडकला. एवढं साऱ्या गावाला ठाऊक होतं. तोटी कशी गेली, हे कुणी विचारलं नव्हतं. तुटली असणार, असं सगळेच धरून चालले होते.

"तुटली आसंल," हंबीरराव म्हणाले. आवाज आपलाच आहे की शेजारच्या घरातून आला, हे त्यांना नीट कळलं नाही.

"मामा, तुमची पेटी ऱ्हायली," संयोगिता म्हणाली आणि खाटेखालची लोखंडी पेटी तिनं ओढून आणली.

हंबीररावांनी काही म्हणायच्या आत तिनं झाकण उघडलं. पक्कड काढली, पाने काढले, हातोडी काढली. तळाशी लोखंड कापायची करवत होती, फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडलं तशी त्यातून एक वस्तू घोंगड्यावर पडली. बोटाएवढी हिरवी तोटी. आतली स्प्रिंग अजून शाबूत.

चांगली स्प्रिंग टाकायची कशाला, कुठं तरी उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी ती ठेवली होती. उजव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता. तोटी दाबायला गेलं की हात थरथरायचा आणि अर्धं पेट्रोल धोतरावर. एका दुपारी वैतागून करवत घेतली. दोन मिनिटांचं काम. वर बोळा कोंबला आणि हात धुऊन जेवायला बसले. त्या दिवशी पिठलं होतं.

संयोगितानं तोटी उचलली. कापलेली कड अंगठ्यानं चाचपली. मग करवतीकडे बघितलं. करवतीच्या दात्यांत हिरवा भुगा अडकलेला होता.

करवत तिनं हातोडीशेजारी ठेवली. तोटी मात्र हातातच राहिली.

"मामा," ती म्हणाली, "ही कुठं मांडू?"

"काय हाय ते?" सयाजीनं दारातून विचारलं. कॅन त्यानं मोटरसायकलच्या मागं दोरीनं बांधला होता. "चला, मी निघतो. दुपारपतूर येतो. त्या शेठला गावातनं फिरवतो का न्हाय बघा."

गाडीचा आवाज वाढला. आता नुसतं गप्प बसलं तरी चालणार होतं. गेले अठरा दिवस ते तेवढंच करत आले होते.

"सयाजी," हंबीरराव म्हणाले. "कॅन सोड."

"आँ?"

"सोड म्हंतो. हिकडं आण. त्योबी मांडायचा ऱ्हायलाय."

सयाजीला वाटलं, काकांचं डोकं फिरलं. तरी त्यानं गाडी बंद केली, दोरी सोडली आणि कॅन घोंगड्याच्या कडेला आणून ठेवला. मग त्याला संयोगिताच्या हातातली तोटी दिसली. त्यानं तोटीकडे बघितलं, करवतीकडे बघितलं, आणि काकांकडे बघायचं तेवढं टाळलं.

संयोगितानं करवतीशेजारी तोटी मांडली, तोटीशेजारी कॅन. ओळीनं सगळ्यांना हळद-कुंकू लावत ती शेवटापर्यंत आली. तोटीला लावलं. कॅनलाही लावलं. एकेक झेंडूचं फूल ठेवलं.

हंबीरराव खुर्चीतून उठले, ओळीसमोर उभे राहिले आणि हात जोडले. जरा वेळानं त्यांचा उजवा हात आपोआप तोटीकडे गेला.

"ऱ्हाऊ दे, मामा," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मांडल्यालं आज उचलायचं नसतं. उद्या हे दवाखान्यातनं घरी आल्यावर उचलू."