हळव्याची मूठ

‘आपल्या परीक्षकांना भात आणि गहू तरी वेगळा ओळखता येतो का?’ प्रार्थनाने मोबाईलवर टाइप केलेलं उत्तर राजूरला जीपमधून उतरताना पुन्हा वाचलं. चांगलं झोंबेल असं झालं होतं. पाठवायचं तेवढं बाकी होतं.

तिचा शोधनिबंध मासिकाने परत पाठवला होता. डोंगरातल्या भीमाबाईंच्या घरचं काळभात हे भाताचं जुनं वाण चार पिढ्या निर्भेळ राहिलंय, असं तिने त्यात मांडलं होतं. तीन वर्षं राबली होती बिचारी. कॉलेजात कायम व्हायचं तर पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीआधी हा निबंध स्वीकारला जायला हवा होता. आणि परीक्षक म्हणे, ‘छायाचित्रांतली काही रोपे तीन आठवडे आधीच निसवून लोंब्यांवर आली आहेत. बियाण्यात दुसरे भात आहे. संशोधकाने आधी नमुना घ्यायला शिकावे.’

शिकावे म्हणे! निबंधात स्वच्छ लिहिलं होतं, ‘बियाणे देणारी व्यक्ती : एक स्थानिक शेतकरी महिला.’ त्या महिलेनेच आता व्हिडिओत सांगावं, मग बघते या परीक्षकाकडे, असं म्हणत ती चढण चढली.

भीमाबाई ओट्यावर वरई पाखडत होत्या. प्रार्थनाने मोबाईल समोर धरला आणि परीक्षकाचं म्हणणं तावातावाने वाचून दाखवलं. भीमाबाईंचं सूप थांबलं.

“कोन हाय गं ह्यो मानूस?”

“नाव सांगत नाहीत, मावशी.”

“नजर चांगली हाय त्याची. हळव्याची मूठ मीच घातली हुती तुला दिलेल्या बियान्यात.”

हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात. प्रार्थनाने मोबाईल खाली ठेवला. तीन वर्षं पाण्यात गेली होती. तिला भीमाबाईंचा खरोखर राग आला, आणि तिने तो लपवलाही नाही.

“मागं ते बियाणे केंद्रवाले आले होते. त्यांनाही असंच दिलंत?”

“न्हाई. पावन्याला निव्वळच देत्यात.” भीमाबाई पुन्हा पाखडू लागल्या. “लेक सासरी बियानं घिऊन निघाली की मूठ घालायची. पाऊस लौकर सरला तर काळभात पोचट जातं. तवा त्या मुठीवर लेकीची चूल तरी पेटती. आन तिला सांगायचं नसतं. सांगितलं तर सासरचे निवडून टाकत्यात.”

“पण मी तर...”

“दोन पावसाळे माझ्यासंगं चिखलात लावणी केलीस. माझ्याच पांघरुणात निजलीस. तुला निव्वळ कसं देऊ?”

प्रार्थनाचे डोळे भरून आले होते. त्या बिननावाच्या परीक्षकाचे कुठे जाऊन पाय धरावेत, असं तिला वाटलं. त्याने खोट काढली नसती, तर हे तिला जन्मात कळलं नसतं. मुलाखत यंदा हुकणार होती. तिने मनाशी म्हटलं, हुकू दे.

जेवल्याशिवाय भीमाबाईंनी तिला सोडलं नाही. परतीच्या जीपमध्ये तिने आधीचं उत्तर पुसलं आणि नवं लिहिलं. ‘परीक्षकांचे मनापासून आभार. त्यांचे बरोबर आहे, बी निर्भेळ नाही. कारण आज समजले. नवा निबंध त्यावरच लिहीन. पहिल्या निबंधात आणखी एक चूक आहे, ती कोणाच्याच लक्षात आली नाही. बियाणे देणारी व्यक्ती : माझी आई.’