तीन पेड

जुई दोन लाल रिबिनी घेऊन ताईपुढे पाठ करून बसली. कावेरीने तिच्या केसांचे तीन पेड केले आणि तिचे हात तिथेच थांबले.

"ताई, शाळेला उशीर होतोय गं."

अकरावीतली कावेरी वर्षभर दुपारी कारखान्यात पगारी उमेदवारी करत होती. तिथे ती गाड्यांच्या वायरी गुंफायला शिकली. काल उमेदवारी संपली, आणि करारात होतं तसं कंपनीने ते कसब तिच्या हातांतून यंत्रासाठी काढून घेतलं. दुखलं अजिबात नाही, बोटांना नुसत्या मुंग्या आल्या. "आम्ही शिकवलं तेवढंच काढतो," यंत्रावरचा माणूस म्हणाला होता. पण वेणी येत होती म्हणूनच वायरी तिला इतक्या लवकर जमल्या होत्या. बोटांना दोन्ही एकच वाटलं असावं.

तिने पेड पुन्हा उचलले. ते सुटून खाली आले.

"नको प्रयत्न करूस," आई दारातून म्हणाली. "परत नाही येत ते."

आई उमेदवारांच्या पहिल्या तुकडीतली. कावेरीला वेणी घालायला शेजारच्या मावशींनी शिकवलं होतं. आईने का नाही, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आई, आधी सांगायचंस ना."

"मला वाटलं, आता सुधारलं असेल."

आईने कात्री आणून कावेरीजवळ ठेवली. जुईने कात्रीकडे पाहिलं आणि रिबिनी गुंडाळून दप्तरात टाकल्या.

"काप ताई," ती म्हणाली. "वर्गात वेण्या घालणारी मी एकटीच उरले होते."