दुसऱ्याची झोप

तीन मिनिटांत नवरा झोपला. तिने घड्याळ लावून पाहिलं होतं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. दोघंही रात्रपाळी करून आले होते. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर, बारा वर्षं रात्रपाळीतच. ती दवाखान्याच्या रक्त तपासणीत. तिची रात्रपाळी लागून आज नववा दिवस होता आणि नऊ दिवसांत मिळून तिची नऊ तास झोप झाली नव्हती.

त्याने सांगितलं ते सगळं तिने शाळेतल्या मुलीसारखं केलं होतं. घरी येताना काळा चष्मा घाल. पहाटे तीननंतर चहा नको. खिडकीला जाड चादर लाव. फोन स्वयंपाकघरात ठेव. आल्या आल्या भांड्यांना हात लावू नकोस. पाय गार पाण्याने धू. पाय धुऊन धुऊन तिला सर्दी झाली, पण डोळ्याला डोळा लागला नाही. चादर होती, तरी तिला बाहेरचं ऊन दिसत होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी पंप लावला, कोणीतरी कोणाला तरी हाका मारल्या.

आणि हा तिच्या शेजारी पडून घोरत होता. तालात. एक लांब श्वास, मग ओठांचा फुर्र, मग पुन्हा लांब श्वास. जणू झोप ही त्याच्या एकट्याच्या बापाची इस्टेट होती.

ती कूस बदलून त्याच्याकडे पाहत राहिली. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. तिचा जीव जळत होता. काल रात्री तिने दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर. मोठ्या बाईंनी वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. "घरी झोपतेस ना तू?" त्यांनी विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. कोणत्या तोंडाने सांगायचं की घरात झोप आहे, पण ती सगळी नवराच घेतो?

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायली. ओट्यावर मोठ्या पातेल्याचं स्टीलचं झाकण होतं. तिने ते उचललं. क्षणभर धरून ठेवलं. मग फरशीवर सोडून दिलं.

झाकण आपटलं, गरगर फिरलं आणि बराच वेळ वाजत राहिलं.

"काय पडलं?" आतून घोगरा आवाज आला.

"झाकण."

"पायावर नाही ना पडलं?"

त्या प्रश्नाने ती आणखीच भडकली. खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "पडलं नाही. मी पाडलं. मुद्दाम."

तो उठून बसला. डोळे चोळले. "का गं?"

"तुम्ही झोपता म्हणून."

तिला वाटलं, आता हसेल नाहीतर ओरडेल. तो नुसता डोकं खाजवत राहिला.

"पहिलं दीड वर्ष मी पण असाच होतो," तो म्हणाला. "डोळे मिटून पडायचो. दुपारी तुझी ताई यायची, तुम्ही दोघी बाहेर हळू आवाजात हसायच्यात. मी इथे पडून तुमचं सगळं ऐकायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू नऊला आडवी झालीस की थेट सकाळी उठायचीस. मी कामावर निघताना तू नुसती जांभई दिलीस, तरी मला तुझा राग यायचा. एकदा तर मी जाताना दार मुद्दाम आपटलं."

"एकदा?"

"बरेचदा."

ती बघतच राहिली. "आणि मी मेली बिजागरीला तेल घालत होते!"

"हो ना. तू तेल घातलंस की मला आणखी जोर लावावा लागायचा."

ती पलंगाच्या कडेवर बसली. हसू आलं, मग कशासाठी ते न कळता रडू आलं, मग ती आडवी झाली. त्याने पांघरूण तिच्या पायांवर ओढलं, एवढं तिला आठवत होतं.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. तो स्वयंपाकघरात तयार होऊन बसला होता. डोळे लाल.

"तुम्ही झोपलाच नाहीत?"

"माझी एकदा मोडली की परत येत नाही. असू दे. बेल वाजायच्या आधीच मी दार उघडलं. गॅसवाला आला होता."

तिने केस बांधले, डबा भरला.

संध्याकाळच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. तिचा दवाखाना निम्म्या वाटेवर, त्याचा कारखाना शेवटच्या थांब्यावर. बस सुटली आणि दुसऱ्याच वळणावर त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. पुढच्या बाकावर दोन बायका तावातावाने भांडत होत्या, मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं, रस्ता खड्ड्यांचा. आणि हा झोपला. एवढ्या गोंगाटात झोपू शकणाऱ्या माणसाचा तिला पुन्हा हेवा वाटला. तिने खांदा ताठ केला, म्हणजे खड्ड्यात डोकं घसरणार नाही.

"दवाखाना!" कंडक्टर ओरडला. मग रोजची ओळख म्हणून तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचा थांबा."

"पुढच्याला उतरते," ती हळू आवाजात म्हणाली.

पुढचा थांबा आला. कंडक्टरने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. या वेळी तिने तोंड उघडलं नाही, नुसती नकारार्थी मान हलवली. तीही अगदी थोडी.